जुनी बक्कलं आणि चांदीचे जुने दागिने जमवायचेत? मग आधी हे वाचा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही हवालदाराला नंबर विचारा, तो "बक्कल नंबर" सांगणार. पट्ट्याच्या पितळी बक्कलवर नंबर ठोकलेला असायचा तिथून हा शब्द आला आणि तो अजून कागदोपत्री चालू आहे. तसंच चपराशी. पट्ट्यावर नाहीतर छातीवर जो पितळी बिल्ला लावायचे त्याला चपरास म्हणायचे, तो लावणारा तो चपराशी. म्हणजे नोकरीवरून बक्कल नाही, बक्कलवरून नोकरीचं नाव. मला हे कळलं आणि तिथूनच हा नाद लागला, मग बक्कल बघता बघता कमरपट्टे आले, कमरपट्ट्यांमागून तोडे, वाळे, जोडवी सगळंच आलं, आणि आता घरात कपाटाचा एक अख्खा खण त्यातच गेलाय आणि नवरा म्हणतो की तू भंगारवाली झालीस.

बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, काय बघायचं, फसवणूक कशी टाळायची. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी सोनार नाही, इतिहासाची प्राध्यापक पण नाही, पैसे घालवून जे शिकले ते सांगतेय.

आधी ठरवा की काय जमवायचं

सगळं जमवायला गेलात तर काहीच जमणार नाही. सुरुवातीला एकच गोष्ट धरा. माझं मत विचाराल तर सोन्याच्या नादाला पहिली दोन वर्षं लागूच नका. जुनी ठुशी, वज्रटीक, पुतळ्यांची माळ वगैरे सुंदर असतं, प्रश्नच नाही, पण सोन्यात चूक झाली की ती हजारात होत नाही, लाखात होते. चांदी आणि पितळ ह्यावर हात बसवा.

पितळेत: पट्ट्याची बक्कलं, शिपायांचे बिल्ले, रेल्वेची बक्कलं, संस्थानांची. चांदीत: कमरपट्टे, तोडे, वाळे, जोडवी, मासोळ्या, कमरेला किल्ल्या अडकवायचा छल्ला, पोराच्या कमरेची साखळी. मी तर म्हणेन की फक्त छल्ले जमवा, किंवा फक्त जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची बक्कलं जमवा. एका प्रकारचे वीस नग हाताखालून गेले की एकविसावा खोटा असेल तर हातालाच कळतं.

आधी महिनाभर नुसतं बघा, खिशातून पाकीट काढू नका

पुण्यात असाल तर बाजीराव रोडवरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. अडकित्ते आणि दिव्यांसाठी लोक जातात पण दागिन्यांच्या काचेसमोर उभं राहा. तुमच्या घरी जे असतं त्याच्या जवळपासचं काम तिथे दिसतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. फोटो काढायची परवानगी असेल तर काढा, नाहीतर वहीत चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल, चित्र काढताना डोळा जिथे जातो तिथे नुसतं बघताना जात नाही.

मग बाजार. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोर बाजार, तिथली मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्या दिवशी रस्त्यावर पथारीवाले बसतात, त्यामुळे शुक्रवारचा आणि इतर दिवसांचा माल वेगळा. कोल्हापूरला गुजरी, म्हणजे सोनारांची पेठ. आणि हातकणंगल्यातलं हुपरी बघाच, चांदीचं गाव आहे ते, जुनं मिळो न मिळो पण दागिना कसा घडतो ते तिथे बघायला मिळालं तर अर्धं शिक्षण तिथेच झालं. डाक (धातूचे तुकडे जोडायचा सांधा) कुठे लावतात, ठसा कसा मारतात, तार कशी ओढतात हे एकदा बघितलं की मग जुन्या वस्तूकडे उलटं करून बघायची सवय लागते.

आणि सगळ्यात भारी जागा म्हणजे तुमचा गल्लीतला सोनार. म्हाताऱ्या बायका तोडे, वाळे घेऊन येतात, मोडीत घालतात आणि नातीसाठी काहीतरी नाजूक घेऊन जातात. ते तोडे सरळ मुशीत जातात. सोनाराला सांगून ठेवा की काका, वितळवायच्या आधी मला एक फोन करा, मोडीच्या भावावर थोडे जास्त देईन. माझ्याकडचे सगळ्यात चांगले चार नग असेच आलेत. पण पावती घ्यायची, प्रत्येक वेळी, ओळख असली तरी.

सामान काय लागतं

फार काही नाही. दहापट मोठं दिसणारं भिंग, छोटा चुंबक, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, मोबाईलचा टॉर्च, सुती कापड, दोरा आणि वही. बस.

चुंबकाचं एवढंच की पितळ, चांदी, सोनं काहीच चिकटत नाही, त्यामुळे चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. पण नाही चिकटलं म्हणजे चांदी असं अजिबात नाही. जर्मन सिल्व्हर पण चिकटत नाही आणि त्यात नावापुरती सुद्धा चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण असतं ते.

पाण्यातलं वजन (हे शिकाच)

काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि काटा शून्य करायचा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायची पण तळाला आणि कडेला लागू द्यायची नाही, दोरा हातात धरून ठेवायचा. काटा जो आकडा दाखवेल ते वस्तूचं आकारमान समजा. आता कोरडं वजन भागिले हा आकडा.

उदाहरण देते. जोडव्यांची जोडी, कोरडं वजन ३१.५ ग्रॅम, पाण्यात आकडा आला ३.१. भागाकार १०.२ च्या आसपास. शुद्ध चांदीचा येतो १०.५, म्हणजे ही चांदी आहे, थोडं तांबं मिसळलेली, अगदी व्यवस्थित. हाच भागाकार साडेआठच्या आसपास आला असता तर पितळ नाहीतर जर्मन सिल्व्हर. हवेचे बुडबुडे चिकटलेले असतील तर ते बोटाने काढा, नाहीतर आकडा चुकतो. आणि पोकळ वस्तू, खडे बसवलेल्या वस्तू, आत लाख भरलेल्या पाटल्या वगैरेंना ही युक्ती लागू पडत नाही. तिथे सोनाराकडे टंच (धातू किती शुद्ध आहे ते) काढून घ्या. मशीनवर तपासलंत तरी लक्षात ठेवा की मशीन वरवरचं बघतं, जाड मुलामा असेल तर ते पण फसतं, म्हणून झिजलेल्या कडेवर तपासायला सांगा.

एक तोळ्याचा घोळ पण सांगून ठेवते. जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, राणी छाप रुपयाचं वजन तेवढंच, म्हणून आपल्याकडे म्हातारी माणसं "रुपयाभार" म्हणतात. आता दुकानात तोळा म्हणजे सरसकट १० ग्रॅम धरतात. घरातली आजी "वीस तोळ्यांचे तोडे" म्हणाली आणि काट्यावर २३३ ग्रॅम भरले तर आजी बरोबर आहे.

त्या रुपयात जवळजवळ ९२ टक्के चांदी असायची आणि खेड्यापाड्यात रुपये वितळवूनच दागिने व्हायचे. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली आणि १९४७ ला तर तो निकेलचा झाला. त्यामुळे कस कमी निघाला की लगेच फसवलं असं समजू नका, कधी कधी ज्या रुपयांपासून दागिना झाला तेच तसे होते.

बक्कल कसं वाचायचं

समोरून सगळे बघतात. तुम्ही आधी मागून बघा.

मागे पट्टा अडकवायची कडी किंवा आकडा असतो. तो मूळचा आहे की नंतर डाक लावून बसवलाय ते बघा, नवी डाक वेगळ्या रंगाची दिसते. चामडं जिथे घासायचं तिथे पितळ गुळगुळीत झालेलं असतं, अगदी साबणाच्या वडीसारखं. स्क्रू असेल तर त्याचं डोकं बघा. स्टार स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे "१८९० चं बक्कल" म्हणून कुणी दाखवलं आणि मागे स्टार स्क्रू असेल तर एक तर स्क्रू नवा, नाहीतर सगळंच नवं.

आता समोर. खरं बक्कल शिपायाने रोज सकाळी ब्रासो लावून घासलेलं असतं, वर्षानुवर्षं. त्यामुळे उंच भाग झिजतात, अक्षरांच्या कडा गोल होतात, नंबरचा ८ आणि ३ ओळखू येत नाही इतकं. आणि खोलगट भागात, अक्षराच्या कुशीत, पॉलिशचा वाळलेला पांढुरका थर बसलेला असतो जो सुईने खरवडला तरी सहज निघत नाही. (खरवडू नका, नुसतं सांगितलं.) खोट्या मालात उलटं दिसतं. फडकं जिथे पोचूच शकत नाही अशा खाचेत झीज, आणि जिथे रोज हात लागायचा तो काठ मात्र धारदार. वरून ॲसिडने काळं केलेलं, ते सगळीकडे सारखं काळं असतं. झीज कधीच सगळीकडे सारखी नसते.

मग मुकुट बघा. व्हिक्टोरियाच्या काळातल्या मुकुटाची कमान वर मधोमध दबलेली असते, १९०१ नंतर राजाचा मुकुट आला तो घुमटासारखा गोल. १९५० पासून आपले तीन सिंह. पण नवा राजा आला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या शिपायांचे बिल्ले बदलत नव्हते, जुना माल वर्षानुवर्षं चालायचा, तेव्हा मुकुटावरून वर्ष नाही तर काळ कळतो.

रेल्वेचं असेल तर जी.आय.पी. आणि बी.बी. ॲन्ड सी.आय. (बॉम्बे, बरोडा ॲन्ड सेंट्रल इंडिया) ही नावं १९५१ च्या नोव्हेंबरपर्यंत होती, मग मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे झाली. संस्थानी बिल्ल्यांचं पण तसंच. सांगली, मिरज, औंध, भोर, फलटण ही संस्थानं १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर वर्षभराने १९४९ च्या मार्चमध्ये. म्हणजे त्यानंतर कुठल्या संस्थानाने शिपायासाठी बिल्ला पाडला असण्याचा प्रश्न येत नाही.

ओतीव नकला ओळखायची अजून एक गोष्ट. मूळ बक्कलवरून साचा घेऊन पितळ ओतलं की ते थंड होताना आकसतं, त्यामुळे नक्कल मूळ नगापेक्षा किंचित लहान भरते, आणि अक्षरं मऊ मऊ, पुरणपोळीवर उमटलेल्या नक्षीसारखी दिसतात. म्हणून खऱ्या नगाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेवायची. हे फार उपयोगी पडतं.

आता माझी गोष्ट. एका बाजारात मला एक जाडजूड बक्कल मिळालं, वर सिंह, खाली "ईस्ट इंडिया कंपनी" आणि साल १८७०. चौदाशे रुपये दिले, घासाघीस करून हां, तो अडीच हजार म्हणत होता. घरी आणून ऐटीत टेबलावर ठेवलं. पोरगा सातवीत होता, अभ्यास करता करता म्हणाला, आई, कंपनीचं राज्य तर १८५८ ला गेलं ना? मी गप्प. भिंग, चुंबक, सगळं केलं होतं मी, पण साध्या सालाचा विचारच केला नाही. कंपनीच्या नावाने असा भरपूर माल फिरतो, हनुमान नाहीतर रामपंचायतन असलेली "कंपनीची नाणी" तर ढिगाने मिळतात, १६१६, १७१७, १८१८ असली सालं असतात त्यावर, ती नाणी नाहीतच, कंपनीने तसलं काही पाडलेलंच नाही. आणि कुणी "तांदूळ ओढणारं नाणं" वगैरे सांगायला लागला तर तिथून सरळ निघायचं, ते शुद्ध फसवणुकीचं रॅकेट असतं.

चांदीचा दागिना कसा वाचायचा

इथे पण झीजच, पण जागा वेगळ्या. जोडव्याचा तळ जमिनीला घासून सपाट होतो. तोड्याची आतली बाजू घोट्याला घासून गुळगुळीत, बाहेरची नक्षी त्यामानाने शाबूत. वाळ्याच्या दोन टोकांच्या बरोबर समोरच्या भागात धातू दमलेला असतो कारण दाबून घालताना ते तिथेच वाकायचे.

कमरपट्ट्याचं मात्र वेगळं प्रकरण आहे, ते जरा सविस्तर. माझ्याकडे एक आहे, साखळी गुंफून केलेला पट्टा, पुढे दोन पानं आणि मधे मोर. पानं बिजागरीने जोडलेली आणि मधे एक खीळ, ती काढली की पट्टा सुटतो. मी घेतला तेव्हा सोनार म्हणाला की खीळ पितळेची आहे, बदलून चांदीची करून देऊ का. मी नको म्हटलं. कारण मूळची खीळ हरवल्यावर कुणीतरी घरच्या घरी पितळेची तार ठोकून बसवली होती, आणि त्या तारेने बिजागरीची भोकं लांबट केलीत, म्हणजे ती तार पण चाळीस-पन्नास वर्षं तरी वापरात असणार. त्यात पट्ट्याच्या एका टोकाला चार कड्या वाढवलेल्या आहेत, बाकीच्या कड्या हाताने वळवलेल्या, जराशा वेड्यावाकड्या, ह्या चार अगदी एकसारख्या. कुणाची तरी कंबर वाढली, पोरंबाळं झाली असतील. आता असा पट्टा "रिपेअर केलेला" म्हणून दुकानदार स्वस्त देतो आणि मी तर तोच आधी घेईन.

कुड्या, बुगड्या घेत असाल तर फिरकीचे आटे भिंगातून बघा. हाताने पाडलेले आटे कमीजास्त असतात आणि एका कुडीची फिरकी दुसरीला बसत नाही. दोन्ही अदलाबदल करून सहज बसल्या तर मशीनचे आटे.

नाणी ओवलेली माळ असेल तर नाण्यावरच्या सालावरून दागिन्याचं वय काढू नका. नाणं १८६२ चं असलं तरी माळ १९५० ची असू शकते. शिवाय १८६२ साल असलेला रुपया पुढे बारा-एक वर्षं तेच साल टाकून पाडत होते, म्हणजे नाणं पण तेव्हाचं असेलच असं नाही.

हॉलमार्क शोधत बसू नका. आपल्याकडे सोन्याचा हॉलमार्क २००० मध्ये सुरू झाला आणि चांदीचा २००५ मध्ये, जुन्या दागिन्यावर तो नसणारच. उलट "आजीच्या वेळचा" म्हणून दाखवला आणि त्यावर नवा शिक्का दिसला तर आजी तरुण होती म्हणायचं. विलायती चांदीवर मात्र शिक्के मिळतात, चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (९२.५ टक्के चांदी), बाजूला नांगर असला तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं डोकं असलं तर लंडन.

भाव कसा ठरवायचा

सोपा हिशेब. चांदीचा त्या दिवशीचा भाव गुणिले वजन, त्यातून कसाची घट वजा. हा झाला मोडीचा भाव. ह्याच्या खाली कुणी देत असेल तर संशय घ्या. ह्याच्या वर किती द्यायचं ते काम किती दुर्मिळ आणि तुम्हाला किती आवडलंय त्यावर. दुकानदार गोष्ट सांगतो, अमक्या सरदारांच्या वाड्यातला, तमक्या इनामदारांच्या घरातला. गोष्ट ऐका, छान असते, पण कागद नसेल तर गोष्टीचे पैसे शून्य.

पितळेला मोडीचा भाव जवळजवळ नसल्यासारखाच, तिथे सगळा खेळ आवडीचा, त्यामुळे तिथे घासाघीस मोकळेपणाने करा. पण मोडीत दागिना घालायला आलेल्या म्हातारीसमोर कधीच घासाघीस करू नका. तिला तो विकायची वेळ आली आहे, आपण हौशी आहोत.

काय घ्यायचं नाही

वाघनखाची पेंडंटं, हस्तिदंती बांगड्या, कासवाच्या पाठीच्या वस्तू. कितीही जुन्या असोत, वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि तो "माझ्या पणजोबांचं होतं" हे ऐकून घेत नाही. देवाचे टाक, मुखवटे, देवीचे दागिने पण मी घेत नाही, चोरीचा माल असण्याची शक्यता सगळ्यात जास्त तिथेच आणि मनाला पण पटत नाही. सध्याच्या पोलिसांची किंवा आर्मीची वापरातली बक्कलं, बिल्ले नकोत, उगाच भानगड.

शेतात, पडक्या वाड्यात काही सापडलं तर खिशात घालू नका, निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे, दहा रुपयांच्या वर किमतीचं जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं.

आणि शंभर वर्षांची वस्तू कायद्याने पुरावस्तू होते. ती घरात ठेवायला हरकत नाही, पण त्याचा धंदा करायचा तर लायसन लागतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत, दुबईत राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. आईने कौतुकाने दिलेला पणजीचा कमरपट्टा बॅगेत टाकून निघालात आणि एअरपोर्टवर अडवलं तर सगळा मूड जाईल. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला आधीच काढून घ्या.

साफसफाई: शक्यतो हात आवरा

चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काही लावायचं नाही. मी पहिलं रेल्वेचं बक्कल चिंचेने घासून लख्ख केलं होतं, गुलाबी गुलाबी झालं एकदम, जस्त निघून जाऊन तांबं वर आलं, आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही. कोमट पाणी, चार थेंब साधा साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं, एवढंच. लाख भरलेला किंवा मोती बसवलेला दागिना पाण्यात पण घालू नका, नुसत्या कापडाने पुसा. काळी पडलेली साधी चांदी ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायच्या सोड्यात पांढरी होते, पण खाचांमधला काळेपणा पण जातो आणि नक्षी सपाट दिसायला लागते, मी तर करत नाही.

ठेवताना धुतलेल्या जुन्या मलमलच्या कापडात गुंडाळून झिपच्या पिशवीत. रबरबँड अजिबात नको, त्यातल्या गंधकाने चांदीवर काळा पट्टा उमटतो. कोकणात, मुंबईत राहत असाल तर पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात एकदा उघडून बघा.

वही

प्रत्येक नगाला नंबर, दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी (स्टिकर नको, गोंद राहतो). वहीत तारीख, कुठून घेतला, किती दिले, वजन, मापं, झीज कुठे आहे, काय बदललेलं आहे आणि विकणाऱ्याने काय गोष्ट सांगितली. गोष्ट वेगळ्या शाईने लिहायची, म्हणजे माहिती कुठली आणि गप्पा कुठल्या ते दहा वर्षांनी पण कळेल. खोटा निघालेला नग पण वहीतून खोडायचा नाही. माझं ते १८७० चं कंपनीचं बक्कल ७ नंबरला आहे, अजून ठेवलंय, नवीन काही ओतीव वाटलं की ते शेजारी ठेवून भिंगातून दोन्ही बघते.